बाबांचा नाव नसलेला स्टिरिओ सापडलाय, प्लग लावून बघू का?

पर्वतीपायथा | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार. आमची सहकारनगरची सोसायटी पाडून नवीन होते आहे. दिवाळीच्या आत जागा रिकामी करायची म्हणून काल माळा उतरवला, तर जुन्या चादरींत गुंडाळलेला बाबांचा स्टिरिओ निघाला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्याआधीही दहा-बारा वर्षं तो बंदच होता, कारण आईच्या आजारपणात हॉलमध्ये पलंग आला आणि स्टिरिओ वर गेला.

वर्णन करते. लाकडी खोका, चंदेरी तोंड, प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्यावर १३ किलो भरला. स्टेशन लावायचं बटण मोठं आणि जड आहे, बोटाने टिचकी मारली की काटा आपोआप पुढे सरकत जातो. नावाची पट्टी पडून गेली आहे, डिंकाचे दोन ठिपके तेवढे उरलेत. सोबत रेकॉर्ड प्लेअर, प्लायवूडच्या दोन मोठ्या स्पीकर पेट्या (या बाबांनी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणून सुताराकडून करून घेतल्या होत्या, मला तो सुतार आठवतो), चाळीसेक एलपी आणि अकरा जुन्या जड तबकड्या.

लहानपणी यावर एफएम कधीच लागलं नाही. बाबा म्हणायचे, याला आपलं एफएम कळत नाही. आम्ही पुणे केंद्र ऐकायचो. त्या जागी काचेवर बाबांनी लाल पेन्सिलीने केलेली खूण अजून आहे.

प्लगला दोन चपट्या पट्ट्या आहेत. आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत म्हणून कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ६० रुपयांचा कन्व्हर्टर आणला. दुपारी भाऊ येतोय, तेव्हा लावून बघावं म्हणते. त्याआधी कोणी सांगेल का, हा सेट कोणत्या कंपनीचा असेल आणि सुरू करताना काय काळजी घ्यावी?

भंगारवाला सगळ्याचे मिळून ८०० रुपये देतो म्हणाला. मला द्यायचा नाहीये. मला तो वाजवायचा आहे.

नारायणपेठ_रेडिओ | रविवार, सकाळी ९:५२

ताई, प्लग लावू नका. तो कन्व्हर्टर काढून आधी कपाटात ठेवा, म्हणजे भाऊ आल्या आल्या घाईत लावणार नाही.

तीन गोष्टी बघून लिहा. डायलवर एफएमच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा कोणता? मागच्या पत्र्यावर, वायर आत जाते तिथे काय छापलंय? आणि मागे ११०, २२०, २४० असे आकडे असलेली, स्क्रूड्रायव्हरने फिरवायची चकती आहे का?

पर्वतीपायथा | रविवार, सकाळी १०:१५

काका, लगेच बघितलं. एफएमचा पहिला आकडा ७६ आणि शेवटचा ९०. मागे सगळी जपानी अक्षरं आहेत, त्यात १००, ५०/६० आणि १४० एवढेच आकडे वाचता येतात. चकती नाही. मागेच दोन छोटी सॉकेटं आहेत, याच्याच प्लगसारख्या चपट्या भोकांची.

बाबा चिंचवडच्या कारखान्यात होते. १९७९ साली कंपनीने त्यांना तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानला, नागोयाला पाठवलं होतं. त्यांच्या डायरीत सांताक्रूझ विमानतळावरची कस्टमची पावती मिळाली, पण तिच्यावर नुसतं ‘स्टिरिओ सेट व टर्नटेबल’ लिहिलंय.

नारायणपेठ_रेडिओ | रविवार, दुपारी १:३०

जेवण करून निवांत लिहायला बसलोय. नारायण पेठेत बत्तीस वर्षं माझं रिपेअरिंगचं दुकान होतं, आता बंद केलंय, पण अशा सेटबद्दल कोणी विचारलं की मला राहवत नाही.

जुना सेट समोर आला की लोक आधी कंपनी विचारतात. मी म्हणतो, आधी गाव विचारा, घराचा पत्ता मागाहून. तुमच्या सेटने गाव स्वतःच सांगितलंय. ७६ ते ९० हा एफएमचा पट्टा तेव्हाच्या जपानचा. त्यांच्याकडे ९० ते १०८ ही जागा तेव्हा टीव्हीच्या पहिल्या तीन चॅनेलना दिलेली होती. आपलं पुण्याचं विविध भारती एफएमवर १०१ ला लागतं. तुमचा काटा ९० ला संपतो, मग ते सापडणार कुठून? बाबा अगदी बरोबर सांगत होते. मीडियम वेव्ह मात्र तिकडे आणि इकडे सारखीच, म्हणून पुणे केंद्र ७९२ ला लागायचं. तुमची लाल खूण मीडियम वेव्हच्या ओळीत ८० च्या, म्हणजे ८०० च्या, आकड्याच्या जराशी अलीकडे असणार. बघा आणि सांगा.

गाव कळलं की वीज कळली. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते. परदेशात विकायला केलेल्या सेटना मागे व्होल्टेजची चकती असे. मस्कत, कुवेतहून लोक आणत त्यातल्या बहुतेकांना ती असायची, ती २४० वर फिरवली की काम झालं. तुमचा सेट जपानमधल्या माणसासाठी केलेला आहे, त्याला फक्त १०० कळतं. ६० रुपयांचा कन्व्हर्टर पट्ट्यांचा आकार जुळवून देतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. तुम्ही लावला असता तर आत जिथे ३५ व्होल्ट यायचे तिथे ८० आले असते, आणि ५० व्होल्टचे मोठे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबे, दुसऱ्या क्षणी फुगले असते. फ्यूज वेळेवर उडाला तर नशीब. दुकानात १९८७ साली रास्ता पेठेतून एक गृहस्थ असा सेट घेऊन आले होते. फ्यूज उडाला म्हणून कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तो परत लावून दिला होता. ट्रान्सफॉर्मरच्या जळलेल्या वार्निशचा वास मला अजून आठवतो. तो सेट मी वाचवू शकलो नाही.

मग बाबा तो चालवत कसे होते? तर घरात एक लोखंडी खोकं असणार. पाच-सहा किलोचं, दिसायला मुठभर पण उचलताना चकवणारं, एका बाजूला आपली वायर आणि दुसऱ्या बाजूला चपटं सॉकेट. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. ते शोधा. माळ्यावर नसेल तर नातेवाइकांना विचारा, लोक त्याला स्टॅबिलायझर समजून घेऊन जातात.

नाहीच मिळालं तर नवीन बांधून घ्या, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चौकशी करा. सांगताना तीन गोष्टी सांगा. एक, २३० ते १००. तयार मिळणारा बरेचदा ११० चा असतो, तो नको. पुण्यात रात्री लाइन २४० पर्यंत चढली तर त्याच्यातून ११५ निघतात आणि बिचारा सेट दर रात्री पंधरा टक्के जास्त सोसतो. दोन, मागे १४० लिहिलंय ती सेटची वॅटमधली भूक, शिवाय टर्नटेबल, म्हणून ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीएचा (त्याची ताकद मोजायचं माप) हवा. तीन, दोन वेगळी वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असलेला. स्वस्तातल्या ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं, त्यामुळे आपली २३० ची लाइन सेटपासून खऱ्या अर्थाने तुटत नाही. ओळखायचं कसं? कशालाही न जोडता मल्टिमीटर ओहमवर ठेवून इनपुटची एक पिन आणि आउटपुटची एक पिन धरा. चारही जोड्या तपासा. कुठेही रीडिंग आलं तर तो ऑटो.

मागची ती दोन सॉकेटं टर्नटेबलसाठी आहेत. टर्नटेबलही नागोयाचंच असेल तर त्याचा प्लग तिथेच लावायचा, भिंतीत कधीही नाही.

आता पहिल्यांदा वीज देणं. एवढी वर्षं झोपलेल्या सेटला एकदम पूर्ण लाइन द्यायची नाही. बोर्डावर एक होल्डर घ्या, त्यात १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब लावा आणि तो स्टेपडाउनच्या आधी, २३० च्या बाजूला सिरीजमध्ये जोडा, म्हणजे सगळी वीज बल्बातून होऊनच पुढे जाईल. एलईडी इथे चालत नाही, तारेचाच हवा. स्विच दाबला की बल्ब क्षणभर पेटेल आणि मंद होत जाईल. मंद झाला तर आत शॉर्ट नाही. भगभगीत पेटून तसाच राहिला तर ताबडतोब बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बाने भार अंगावर घेतल्यामुळे पुढचं काही जळलेलं नसेल. ही जोडणी तुम्ही स्वतः करू नका. ज्याचा हात सिरीज लॅम्पवर बसलेला आहे अशा माणसाकडून करून घ्या.

बल्ब मंद झाल्यावर तीन-चार सेकंदांनी सेटमधून ‘टक’ आवाज आला पाहिजे. तो स्पीकर जोडणारा रिले. टक झालं म्हणजे सेटने स्वतःला तपासून घेतलं. तरीही स्पीकर लगेच लावायचे नाहीत. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलमध्ये मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. व्होल्टमध्ये काही दिसलं तर थांबायचं, कारण ते सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये जाऊन तिला भाजतं. आकडे बरे आले तरी पहिले स्पीकर टाकाऊ लावा, बाबांच्या पेट्या नकोत.

झाकण उघडलंच तर, बंद केलेल्या सेटमध्येही कपाएवढे दोन मोठे कंडेन्सर चार्ज धरून बसतात. काही लोक स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढतात, ते अजिबात करायचं नाही.

साफसफाईत एक गोष्ट जीव ओतून सांगतो. डायलच्या काचेला आतून स्पिरिट किंवा काच पुसायचा स्प्रे लावू नका. आकडे काचेच्या मागच्या बाजूला छापलेले असतात आणि स्पिरिटने ते फडक्यावर उतरतात. माझ्या हाताखालच्या मुलाने एकदा असा पूर्ण डायल कोरा केला होता. कोरड्या मऊ ब्रशने धूळ उडवा, बास. आणि बाहेरून पुसताना बाबांची खूण जपा.

बटणांची खरखर असेल तर सेट बंद ठेवून प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस-पन्नास वेळा फिरवा, स्विच तितक्याच वेळा वर-खाली करा. अर्धा रोग यानेच जातो. उरला तर कंट्रोलसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, अगदी थोडा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्याच्यावर धूळ चिकटते आणि वर्षभरात दुप्पट खरखर होते.

आता कंपनी. झाकण उघडेल तेव्हा पाट्यांवरचे, म्हणजे सर्किट बोर्डांवरचे नंबर वाचा. त्या काळातल्या पायोनियरच्या पाट्यांवर एडब्ल्यूने सुरू होणारे नंबर असतात, सॅन्सुईच्या पाट्यांवर एफ आणि पुढे चार आकडे, ट्रिओच्या पाट्यांवर एक्स०७ सारखे. हीच ट्रिओ कंपनी परदेशात केनवुड या नावाने विकायची. नावाची पट्टी पडली तरी हे नंबर पडत नाहीत.

कोथरूड_अ‍ॅम्प | रविवार, दुपारी ३:०५

काकांचं सगळं मान्य. फक्त एक सुचवतो. ४५ वर्षांचा सेट आहे, झाकण उघडणारच आहात तर सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकदम बदलून टाका. साठ-सत्तर असतील, दीड-दोन हजारांत येतात. मी माझ्या सेटमध्ये तसंच केलं, एका शनिवार-रविवारचं काम आहे. मग पुढची वीस वर्षं बघायला नको.

नारायणपेठ_रेडिओ | रविवार, दुपारी ४:२०

तुमचा हात चांगला असेल, पण ताईंना मी हे सांगणार नाही. साठ कंडेन्सर म्हणजे सोल्डरचे १२० डाग. त्यात एक उलटा बसला, बोर्डावरची एक तांब्याची पट्टी उचकटली, आणि सेट बोलेनासा झाला तर चूक १२० पैकी कुठल्या जागी आहे ते शोधत बसायचं. त्यातून चालू सेट होता की बंद हेही माहीत नसताना. आधी सेट जसा आहे तसा बोलू दे. मग जो कंडेन्सर फुगलाय, ज्याच्या बुडाशी तपकिरी डाग आहे, ज्याच्यामुळे एक बाजू घुमते, तो बदला. पाच-दहा बदलले की पुन्हा मोजा, पुन्हा ऐका.

आउटपुट ट्रान्झिस्टरबद्दल तर आणखी सावध. २एसए, २एससी नंबरांचे जुने जपानी ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत, आणि त्याच नंबराचे शिक्के मारलेले बनावट भरपूर मिळतात. आतले मूळचे जिवंत असतील तर त्यांना हात लावू नका.

तबकडीवेडी | रविवार, रात्री ९:१०

ताई, अकरा जड तबकड्या म्हणालात तिथे माझं लक्ष गेलं. त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या असतील. लाखेच्या. त्या कोणत्याही परिस्थितीत स्पिरिटने पुसू नका! एलपी विनाइलची असते, तिला थोडं स्पिरिट चालून जातं, पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच करतो ना, तेच. जुन्या बाजारात रविवारी मी बालगंधर्वांच्या पदांची एक तबकडी उचलली होती. आधीच्या मालकाने ती स्पिरिटने ‘चकचकीत’ केलेली, मधल्या दोन इंचांत खाचाच उरल्या नव्हत्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं असतात. त्यातलं एक मिनिट गेलं की पद अर्धवट तुटतं आणि ते परत कुठून आणायचं?

धुवायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल. मधलं लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. लगेच कोरडं करून उभं ठेवायचं, उन्हात नाही. एलपीलाही हेच चालतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आवरणाच्या आतून पांढरी बुरशी येते, ती दिसायला भयंकर पण बहुतेक वेळा धुतल्यावर जाते. आतली प्लास्टिकची पिशवी मात्र फेकून द्या, बुरशी तिथूनच परत येते. आणि आडव्या चळतीत ठेवू नका, खालची वाकते.

७८ ची सुई वेगळी लागते. एलपीच्या सुईचं टोक सुमारे ०.०२५ मिलिमीटर त्रिज्येचं, ७८ चं तिप्पट, ०.०७५. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते, खरखर तेवढी वाढते आणि सुईही खराब होते. तोवर त्या अकरा नुसत्या सांभाळून ठेवा.

बाबांनी सुई शेवटची कधी बदलली, काही नोंद आहे का?

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तुम्ही थांबवलं नसतं तर मी प्लग लावलाच असता. हे दिवसभर मनातून जात नव्हतं.

काका, लाल खूण ८० च्या बरोबर अलीकडे आहे.

नोंद आहे, ताई. डायरीच्या शेवटच्या पानांवर ‘सुई बदलली, १२ जानेवारी १९९६’ असं लिहून त्याखाली पाच-पाचच्या रेघोट्या आहेत. आधी कळलंच नाही. आईला दाखवलं तर ती म्हणाली, प्रत्येक बाजू वाजवली की एक रेघ मारायचे. मी आणि माझ्या मुलीने मोजल्या. १८४०.

तबकडीवेडी | सोमवार, रात्री ११:०५

काय माणूस असेल! १८४० बाजू, एका बाजूची वीस मिनिटं धरली तर साधारण ६१३ तास होतात. सुईचं आयुष्य तिच्या आकारावर आणि तबकड्या किती स्वच्छ त्यावर अवलंबून, ५०० ते १००० तास म्हणतात. म्हणजे ती उतरणीला लागली आहे. भिंगातून बघून ठरवता येईल, पण बाबांच्या एलपींवर जुनी सुई फिरवून धोका पत्करू नका, नवीन घ्या. त्याच कार्ट्रिजची (सुई जिच्यात बसते ती डबी) नुसती सुई मिळते. बसवल्यावर सुईचं तबकडीवर पडणारं वजन सेट करायला दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा वापरा. कार्ट्रिजच्या कागदावर आकडा असेल, नसेल तर दोन ग्रॅमपासून सुरुवात करा.

आणि हो, नवीन सुईची तारीख त्याच डायरीत लिहा.

पर्वतीपायथा | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४५

खूप घडलंय, सगळं लिहिते.

लोखंडी खोकं सापडलं. भावाच्या चिंचवडच्या घरी बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून गेली कित्येक वर्षं टेकवून ठेवलेलं होतं. बाजूला बाबांच्या अक्षरात पांढऱ्या रंगाने ‘२३० – १००’. मीटरने तपासलं, दोन वाइंडिंग वेगळी आहेत.

भावाचे एक मित्र कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहेत, त्यांनी सिरीज लॅम्प जोडला. बल्ब पेटला आणि हळूहळू विझल्यासारखा झाला. आम्ही सगळे श्वास धरून होतो. चौथ्या सेकंदाला टक झालं. डायलमागे निळसर हिरवा दिवा लागला आणि आई एकदम म्हणाली, ‘हा उजेड.’ डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१.

झाकण उघडून ब्रशने धूळ काढली. पाटीवर एक्स०७ आहे. म्हणजे ट्रिओ! बाबांच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं, ते नुसतं ‘नागोया’ म्हणायचे.

डावी बाजू आधी बोलत नव्हती. स्पीकरचा ए-बी स्विच पन्नास वेळा फिरवल्यावर आली. आता आवाज अगदी बारीक ठेवला की डावी बाजू पुन्हा जाते, जरा मोठा केला की परत येते. बाबांच्या पेट्यांपैकी उजवीच्या स्पीकरची कड बोट लावलं की काळा चुरा होऊन पडते.

पुणे केंद्र लाल खुणेवर लागलं.

एकच गोष्ट खटकते. नवीन सुई आणली. टर्नटेबलचा पट्टा चिकट होऊन ओघळला होता, तो भावाने बदलला. एलपी लावली तर गायक थकल्यासारखा गातोय. आवाज जाड, ताना ओढल्यासारख्या. ही एलपी मला पाठ आहे, गाणं काळी एकमधलं. मी पेटी (हार्मोनियम) घेऊन बसले तर काळी पाचला जुळतंय.

नारायणपेठ_रेडिओ | रविवार, संध्याकाळी ७:१५

ताई, पेटी घेऊन बसलात हे किती चांगलं केलंत!

डावी बाजू बारीक आवाजात जाते त्याला कारण बहुतेक त्याच टक करणाऱ्या रिलेचे टोकं. ४५ वर्षांत त्यांच्यावर काळा थर चढतो, कमी करंट त्यातून पार होत नाही, जास्त झाला की होतो. त्याच मापाचा नवीन रिले मिळतो, तो बदलून घ्या.

उजव्या पेटीचा स्पीकर वाजवू नका. कोनचा कागद शाबूत असेल तर नुसती फोमची कड बदलून मिळते. पूर्ण कोन बदला म्हणतील, त्यांचं ऐकू नका, कोन बदलला की स्पीकरचा गळा बदलतो. दोन्ही पेट्यांची कड एकदमच बदला. बसवून झाल्यावर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल लावून बघा, प्लसला प्लस दिला की दोन्ही कोन बाहेरच्या दिशेने हलले पाहिजेत. एक बाहेर, एक आत असेल तर वायर उलटी आहे आणि बेसचा आवाज मरतो.

आता गायक. काळी एक ते खालची काळी पाच म्हणजे तीन स्वर उतरला. कानाचा अंदाज नको, मोजू. ताटलीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, एलपी लावून सुई टेकवा, आणि १०० फेऱ्यांना किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. बरोबर तीन मिनिटं लागायला हवीत.

पर्वतीपायथा | रविवार, संध्याकाळी ७:४०

दोनदा मोजलं. मी एकदा, मुलीने एकदा. ३ मिनिटं ३६ सेकंद.

नारायणपेठ_रेडिओ | रविवार, संध्याकाळी ७:४८

मग टर्नटेबलमध्ये बिघाड काहीच नाही. मिनिटाला ३३⅓ च्या जागी सुमारे २७.८ फेऱ्या होतायत, म्हणजे बरोबर सहापैकी पाच. ५० आणि ६० चा हिशेब.

अर्ध्या जपानात वीज ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत येणारी, आणि अर्ध्यात ६० ची. टोकियोकडे ५०, नागोया-ओसाकाकडे ६०. या मोटरचा वेग सायकलवर चालतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. म्हणून अशा टर्नटेबलबरोबर मोटरवर बसवायच्या दोन पितळी पुली असत, ५० ची मोठी, ६० ची लहान. आपल्याकडे ५० सायकल, तेव्हा मोठी हवी. तुमच्या मोटरवर लहान आहे. भावाला विचारा, पट्टा बदलताना पुलीला हात लागला का?

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ८:३०

लागला. पट्टा बदलताना टर्नटेबलच्या तळाशी चिकटवलेल्या पाकिटात एक नवीकोरी चकचकीत पुली सापडली. मोटरवरची काळी पडलेली होती, म्हणून त्याने ती काढून नवी बसवली, आणि जुनी खिशात टाकून चिंचवडला घेऊन गेला. आत्ता फोन केला. उद्या कामावर जाताना देऊन जाईल.

पर्वतीपायथा | सोमवार, सकाळी ९:२०

काळी पुली बसवली. १०० फेऱ्या, ३ मिनिटं १ सेकंद. पेटीवर काळी एक.

नारायणपेठ_रेडिओ | सोमवार, सकाळी ९:३५

एक सेकंद तुमच्या बोटाचा. छान चाललंय. चकचकीत पुली त्याच पाकिटात, त्याच जागी परत चिकटवा, आणि डायरीत पहिली रेघ मारा.